हाड चघळणारी गाय

मे महिन्यातली टळटळीत दुपार. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने नान्नज मागे टाकले की दोन्ही अंगांना मुरमाड माळ सुरू होतो. रस्त्याकडेच्या बाभळीखाली पाच-सहा जनावरे उभी होती. त्यातली एक खिल्लार गाय मान जराशी वाकडी करून जबडा हलवत होती. तो रवंथ नव्हता. तोंडाच्या कोपऱ्यातून काहीतरी पांढरे डोकावत होते. जवळ जाऊन पाहिले तर हाड! कधीकाळी मेलेल्या जनावराच्या पायाचे, उन्हाने खडूसारखे पांढरे पडलेले. गाय ते दाढेखाली फिरवत होती, निसटून पडले की पुन्हा उचलत होती.

"मामा, गाय हाड खातीय की!" सावलीला बसलेल्या गुराख्याला मी म्हणालो.

"खात न्हाई, चघळतीया. उन्हाळ्यात चघळत्यातच. काढून घेतलं तर दुसरं हुडकती."

मामांच्या या तीन वाक्यांत या प्रकरणाचा सगळा विषय आला आहे. गाय गवत खाणारी. तिला हाड का लागावे? आणि ते पावसाळ्यात न लागता उन्हाळ्यातच का लागावे?

याचे उत्तर पहिल्यांदा नीट शोधले गेले ते दक्षिण आफ्रिकेत. तिथे व्रायबर्ग गावाजवळ आर्मुट्सफ्लाक्टे नावाचा एक माळ आहे. आफ्रिकान्स भाषेत त्या नावाचा अर्थ होतो गरिबीचा माळ. त्या भागात गुरांना एक रोग व्हायचा. जनावराचे अंग लुळे पडायचे, जीभ हलेना व्हायची आणि ते मरायचे. १९१९ च्या सुमारास आर्नोल्ड थायलर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे तळ ठोकला. त्यांनी जी साखळी उलगडली ती अशी. माळाच्या मातीत स्फुरद म्हणजे फॉस्फरस कमी, म्हणून गवतात कमी, म्हणून गुरांच्या अंगात कमी. ती तूट भरून काढायला गुरे माळावर पडलेली हाडे चघळत. त्या हाडांना चिकटलेल्या कुजक्या मांसात बोट्युलिझमचे विष असे, आणि तेच त्यांचा जीव घेई. म्हणजे मारणारे जंतू होते, पण गुराला त्या जंतूंपर्यंत नेणारी मातीतली भूक होती. थायलरने गुरांना हाडांची भुकटी खाऊ घातली. हाडांची ओढ थांबली, रोग हटला, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना जनावरांचे वजन आणि वाढही सुधारली.

सोलापूरचा माळ आफ्रिकेचा नव्हे. पण तूट तीच आहे, आणि ती का आहे ते समजून घ्यायला आधी पायाखाली बघावे लागते.

इथली जमीन बेसाल्टच्या काळ्या कातळापासून झालेली. खोलगट भागात काळी, भारी. उंचवट्यावर वीतभर माती आणि खाली मुरूम. जमिनीत चुनखडी भरपूर. हा चुना स्फुरदाला धरून बसतो आणि कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असा बांधून ठेवतो की मुळांच्या तो सहज हाती लागत नाही. मातीत स्फुरद मुळीच नाही असे नाही. तो आहे, पण कुलपात आहे. शिवाय स्फुरदाचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. नत्र पाण्याबरोबर वाहते, मुळापाशी आपणहून येते. स्फुरद जागचा हलत नाही. त्याच्यापर्यंत मुळालाच चालत जावे लागते. जितकी मुळे लांब, दाट आणि बारीक, तितका स्फुरद जास्त. या प्रकरणात पुढे जे काही येणार आहे ते या एका गोष्टीवर उभे आहे.

आता उन्हाळ्याचे कोडे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. जूनच्या सरींनी माळ हिरवा होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत निसवते, दिवाळीनंतर पिवळे पडते. कोवळ्या गवतात प्रथिने आठ टक्क्यांच्या पुढे असतात आणि स्फुरद ०.२ टक्क्यांच्या आसपास. गवत पिकू लागले की वनस्पती आपला माल हलवते. काही बियांत जातो, काही मुळांत परत खेचला जातो. बी गळून पडते आणि उभी राहते ती काडी. त्या काडीत प्रथिने तीन टक्क्यांवर येतात आणि स्फुरद ०.१ टक्क्याच्याही खाली उतरतो. गाईची किमान गरज मात्र ०.२ टक्क्यांच्या आगेमागेच राहते. म्हणजे मे महिन्यात पोट भरले तरी गरजेच्या निम्मासुद्धा स्फुरद तिच्या पोटात जात नाही. कडब्याचेही तसेच. मंगळवेढ्याच्या मालदांडीचा कडबा गोड, जनावरे आवडीने खातात, पण दाणे भरताना ताटातला स्फुरद कणसात निघून गेलेला असतो. भाकरीत तो आपल्याला मिळतो, गाईच्या वाट्याला ताट उरते.

खिल्लार जात या तुटीतच घडलेली आहे. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या माळावरची ही जनावरे काटक, चपळ, ओढीला नामी. काजळी असो की कोसा, खोंड विकत घेणारा माणूस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या बाजारात आधी हाडपेर पाहतो. दूध मात्र खिल्लार गाय वासरापुरतेच देते. तिचा हा हिशेब शहाणपणाचा आहे, आणि तो आकड्यांत मांडला की डोळे उघडतात.

चारशे किलोच्या गाईच्या अंगात सगळा मिळून सुमारे तीन किलो स्फुरद असतो. त्यातला ऐंशी टक्के हाडांत. एक लिटर दुधात असतो साधारण एक ग्रॅम स्फुरद आणि सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. दहा लिटर देणारी संकरित गाय तीनशे दिवसांच्या वेतात तीन हजार लिटर दूध देते. म्हणजे जवळजवळ तीन किलो स्फुरद. आपल्या सबंध अंगात आहे तेवढा स्फुरद ती एका वेतात कासेतून देऊन टाकते. तो गव्हाणीतून आला नाही तर हाडांतून येतो, आणि हाडांतला संपत आला की गाय आधी माज दाखवायचे थांबवते. गाय उलटते, कालवड वेळेवर माजावर येत नाही, चालताना पाय ताठरतात, भूक मंदावते. लोक डॉक्टर बदलतात, वळू बदलतात, रेतनाच्या कांड्या बदलतात. गव्हाणीत काय पडते आहे ते बघायचे राहून जाते.

नुकत्याच व्यालेल्या जातिवंत म्हशीची लघवी कधीकधी कॉफीसारखी लाल होते. रक्तातला स्फुरद घसरला की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही लघवी लाल होते, म्हणून हे निदान घरी करायचे नाही. पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवायचे.

आता माळाकडे वळू. माळाचा स्फुरद कुठे जातो?

सकाळी जनावरे माळावर जातात, दिवसभर चरतात आणि दिवस मावळताना गोठ्यात परततात. खाल्लेल्या स्फुरदापैकी बराचसा शेणातून बाहेर पडतो. नत्र आणि पालाश मोठ्या प्रमाणात लघवीतून. जनावर चरतच राहिले असते आणि रात्रीही माळावरच बसले असते तर घेतलेले बव्हंशी तिथेच परत पडले असते. पण रात्रीचे शेण पडते गोठ्यात. ते उकिरड्यावर जाते आणि तिथून शेतात. नाहीतर त्याच्या गोवऱ्या होतात. लघवी गोठ्याच्या जमिनीत मुरते. दिवसाचे शेणही पाणवठ्यापाशी आणि सावलीच्या झाडाखाली ढिगाने पडते, चरण्याच्या जागी थोडे. रोजचा फरक मुठीएवढा असेल, पण हा रस्ता एकाच दिशेचा आहे, आणि तो शेकडो वर्षे चालू आहे.

धनगरांची मेंढरे शेतात बसवण्याची आपली रीत तर या बाबतीत फार बोलकी आहे. रब्बीच्या आधी शेतकरी मेंढ्यांचा कळप रात्री आपल्या रानात बसवून घेतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. लेंडी आणि मुताने रान खतावते, ज्वारी जोमात येते. शेतकऱ्याचा फायदा खरा, धनगराचाही खरा. मेंढरे मात्र दिवसभर माळावर चरलेली असतात. माळाचे सत्त्व पोटात भरून आणून ते काळ्या रानात उतरवायचे, अशी ही वाहतूक. ही रीत वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. कोरडवाहू शेती तिच्यावर तगली आहे. पण या वाहतुकीत माळाला कोणी काही परत केले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

हाडांचेही असेच झाले. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर १८८९ मध्ये भारताची शेती पाहायला आले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात शेण जाळण्याबद्दलची कळकळ आहे, आणि देशातली हाडे बोटीत भरून परदेशी जातात याचीही नोंद आहे. युरोपातली शेते आपल्या गुरांच्या हाडांवर खतावली गेली. माळावर मेलेल्या जनावराची हाडे तिथेच झिजून मातीत मिसळली असती, तीही उचलली गेली. १९२८ च्या शाही कृषी आयोगापुढेही हा प्रश्न होता.

मातीने दिले, कोणी परत केले नाही. त्यात भर पडली अति चराईची. आणि इथेच मघाची मुळांची गोष्ट उपयोगी पडते.

अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये एक साधा पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी गवताचा वरचा भाग वेगवेगळ्या प्रमाणात कापला आणि जमिनीखाली मुळांचे काय होते ते पाहिले. पाल्याचा चाळीस टक्के भाग काढला तर मुळांना पत्ताच लागला नाही. ती वाढतच राहिली. निम्मा काढला तरी नगण्य फरक. पण ऐंशी टक्के काढला, तर सगळ्या मुळांची वाढ बारा दिवस ठप्प झाली. नव्वद टक्के काढला, तर सतरा दिवस. आणि हे एकाच कापणीने! सोलापूरच्या गायरानावर तोच बुंधा आज गाय, उद्या शेळी, परवा मेंढी खरडते. तिथली मुळे पावसाळाभर थांबलेलीच राहतात. मूळ थांबले की स्फुरदापर्यंतची वाट बंद. ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप आली की उथळ मुळांचे गवत आठवड्यात करपते, खोल मुळांचे तग धरते. गाईच्या जिभेने मुळाची लांबी ठरते, आणि मुळाच्या लांबीने त्याच गाईच्या हाडातला स्फुरद ठरतो.

माळ हळूहळू कसा उतरतो याचेही ठरलेले टप्पे आहेत. दाबडघाव आणि शंकरनारायण या दोघा शास्त्रज्ञांनी भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच मोठे गट पाडले. त्यांचे पुस्तक १९७३ चे. आपला दख्खनचा माळ त्यातल्या पवन्या-मारवेल या गटात येतो. पवन्या आणि मारवेल ही सकस, बहुवर्षायू, गुरांच्या आवडीची गवते. चराई वाढली की तीच आधी मरतात, कारण गुरे तीच आधी खातात. मग कुसळी माजते. कोवळी असेपर्यंत ती चालते, पण निसवली की तिची कुसळे मेंढीच्या लोकरीत आणि जनावराच्या हिरड्यांत रुततात. त्याच्याही खाली गेलो की वीतभर उंचीची वर्षायू गवते उरतात. पाऊस थांबला की ती वाऱ्यावर उडून जातात. शेवटी तरवड. पिवळ्या फुलांचा तो माळ रस्त्यावरून सुंदर दिसतो. पण तरवडाला गुरे तोंड लावत नाहीत, म्हणूनच तो तिथे शिल्लक आहे. पुढच्या वेळी एसटीच्या खिडकीतून तरवडाने पिवळा झालेला माळ दिसला तर समजावे की इथे एकेकाळी पवन्या होता.

किती गुरे चारावीत याचा हिशेब अवघड नाही. तीनशे किलोचे जनावर रोज साडेसहा किलो कोरडा चारा खाते असे धरले तर वर्षाला झाले जवळजवळ २४ क्विंटल. उतरलेला माळ हेक्टरी दहा क्विंटलसुद्धा कोरडे गवत मुश्किलीने देतो. अर्धे खायचे आणि अर्धे मुळांसाठी, बियांसाठी आणि मातीवर पांघरूण म्हणून राखायचे, हा नियम धरला तर हेक्टरी पाचच क्विंटल हाती येतात. म्हणजे एका जनावराला जवळजवळ पाच हेक्टर. हाच माळ काही वर्षे राखला आणि गवत २५ क्विंटलवर गेले, तर त्याच जनावराला दोन हेक्टर पुरतात. सुधारणा म्हणून याहून स्वस्त दुसरे काही मला माहीत नाही. गवताला विसावा द्यायचा, बस्स.

हे नुसते कागदावर झालेले नाही. १९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नज परिसरात माळाचे मोठमोठे तुकडे राखले गेले, चराईपासून वाचवले गेले. हेतू चाऱ्याचा आणि माती धरून ठेवण्याचा होता. पण गवत परतले, गवतावरचे किडे परतले आणि त्यांच्यामागून माळढोक त्या राखलेल्या तुकड्यांत दिसू लागला, तिथे अंडी घालू लागला. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. आरंभी त्याची हद्द जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर होती, म्हणजे त्यात शेते, गावे, रस्ते सगळे आले. नंतर ती बाराशेच्या आसपास आणली गेली. माळढोकाचे पुढे काय झाले हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. इथे सांगायचे एवढेच की या माळाने विसावा मिळताच आपले गवत परत आणून दाखवले आहे.

चराई पूर्ण बंद करणे हे मात्र माझ्या मते अर्धेच उत्तर. दोन कारणांनी. एक, बंद ठेवलेले गवत जून होते, आणि जून गवतात स्फुरद राहत नाही हे आपण पाहिले. योग्य वेळी हलके चरून घेतले तर फुटवे कोवळे राहतात, त्यांत सत्त्व जास्त. दुसरे, चराईबंदीत गवत कापून नेतात. चरणारे जनावर निदान थोडे शेण तरी माळावर टाकते. विळा काहीच टाकत नाही. अनेक गावांत गवताचा लिलाव दिवाळीनंतर होतो, गवत पूर्ण वाळल्यावर. तोलायला ते भरपूर भरते, गाईला मात्र काडी मिळते. हाच लिलाव पंधरा-वीस दिवस आधी, गवत फुलोऱ्यात असताना झाला तर तेच गवत दुप्पट सकस मिळेल. कापणीच्या दिवसांत परतीचा पाऊस येतो ही अडचण खरी आहे. पण उघडीप बघून कापणे आपल्या शेतकऱ्याला नवे नाही.

मग माळाला खत घालावे का? हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा युरियाची गोणी असते.

न्यूझीलंडमध्ये डोंगरी कुरणांवर विमानातून सुपरफॉस्फेट टाकतात. १९४९ पासून ते रीतसर सुरू आहे. ऑस्ट्रेलियात गुरे खंगत होती तिथे १९३५ च्या सुमारास कोबाल्टची तूट सापडली, आणि खताबरोबर चिमूटभर कोबाल्ट देऊन ओसाड किनारे नांदते झाले. ही उदाहरणे मोहात पाडणारी आहेत. पण तिथे पाऊस आहे, कुरण मालकीचे आहे आणि त्यावर जगणारे दूध-लोकरीचे मोठे उद्योग आहेत. आपल्या माळावर ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस गायब असतो. त्या दिवसांत टाकलेला युरिया हवेत तरी उडतो किंवा पहिल्या जोरदार सरीत वाहून तरी जातो.

समजा पाऊस वेळेवर आला. युरियाने गवत वाढेल, डोळ्यांना दिसेल एवढे वाढेल. पण स्फुरद होता तेवढाच. तो जास्त गवतात वाटला गेला, म्हणून प्रत्येक घासातला स्फुरद उलट कमी झाला. दुसरी गोष्ट याहून खोल आहे. लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड येथे १८५६ पासून एका कुरणावर अखंड प्रयोग चालू आहे. ज्या वाफ्यांना नुसते नत्र मिळत गेले तिथून शेंगवर्गीय वनस्पती हद्दपार झाल्या आणि मोजकी गवते उरली. ज्यांना नत्राशिवाय स्फुरद आणि पालाश मिळाले तिथे शेंगवर्गीय भरभराटीला आल्या. तिथे नत्रखताने माती आंबट झाली हेही एक कारण होते. चुनखडीमुळे आपल्याकडे तसे होणार नाही. पण उंच वाढलेल्या गवताच्या सावलीत बुटक्या शेंगवर्गीयांचा श्वास कोंडतो, ते इथेही होईल. आपल्या माळावरचा शेवरा, रानमेथी ही बारीक झाडे हवेतले नत्र फुकट आणून देतात, आणि त्यांच्या पाल्यात कॅल्शियम गवतापेक्षा कितीतरी जास्त असते. युरियाने तीच जातील. म्हणून माळाला युरिया नको. द्यायचेच असेल तर स्फुरद द्या, सोबत स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचे बी टाका, आणि बांधावर किंवा पडीक तुकड्यावर मारवेलाचे ठोंब लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलाचे चांगले वाण दिलेले आहेत. हे सगळे पाच-दहा गुंठ्यांवर करून पाहावे. हजार एकर माळ खतावणे कोणाच्याही खिशाला झेपणारे नाही, आणि तिथल्या रानवनस्पतींना ते मानवणारेही नाही.

खताचा अतिरेक जनावराच्या मुळावर कसा येतो याचे सोलापुरातले जुने उदाहरण म्हणजे किराळ. पावसाअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर फुटलेले धुमारे गाईने खाल्ले की तासाभरात ती धापा टाकत कोसळते. ज्वारीच्या कोवळ्या पाल्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. ताण पडलेल्या पिकाला नत्र भरपूर आणि स्फुरद कमी मिळाला असेल तर हे विष वाढते. हॉलंडमधल्या हिरव्यागार कुरणांवर दुसरीच तऱ्हा झाली. पालाश आणि नत्राच्या भरमसाट मात्रांमुळे गवताने मॅग्नेशियम कमी उचलले, आणि वसंतात कुरणावर सोडलेल्या दुभत्या गाई झटके येऊन मरू लागल्या. गवत डोळ्यांना हिरवे दिसते म्हणून ते पोटाला पुरे असेलच असे नाही.

आता कालव्याच्या पाण्याखालच्या सोलापूरकडे येऊ. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, ऊस वाढला, कारखाने वाढले आणि माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या गोठ्यांत जर्सी आणि होल्स्टीनच्या संकरित गाई आल्या. या गाईंना माळ माहीत नाही. त्यांच्यापुढे हत्तीगवत आणि हंगामात उसाचे वाढे पडते. हिरवे, रसाळ, फुकटाच्या मोलाचे. पण वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवते आणि शेणातून बाहेर घेऊन जाते. गंमत म्हणजे चुनखडीच्या जिल्ह्यातली गाय कॅल्शियमला महाग होते. जास्त दूध देणारी गाय व्यायल्यावर एक-दोन दिवसांत थंड पडून मान पोटाकडे वळवून बसते. तो दुग्धज्वर, नाव ज्वराचे असले तरी अंग गार असते. कॅल्शियम शिरेतून वेळेवर दिले तर तीच गाय अर्ध्या तासात उठून उभी राहते. वाढे द्यायचेच असेल तर एकट्याने देऊ नये; कडब्याची कुट्टी मिसळावी आणि चुन्याची निवळी शिंपडावी. चारा छावण्यांत महिनोन्महिने उसावर काढलेल्या गुरांची हाडे का कमजोर होत असतील, याचा अंदाज यावरून यावा.

थायलरचा धडा शंभर वर्षांनीही तोच आहे. हजार एकर मातीत स्फुरद भरण्यापेक्षा तो गाईच्या तोंडात देणे स्वस्त. हाडांच्या भुकटीची जागा आता डायकॅल्शियम फॉस्फेटने घेतली आहे. खनिज मिश्रणाच्या पिशवीत मुख्यतः तेच असते, शिवाय जस्त, तांबे, मँगेनीज, कोबाल्ट आणि आयोडीन. चुनखडीच्या जमिनीत जस्तही अडकून पडते, म्हणून खुरे आणि कातडी खराब होणाऱ्या जनावरांना त्यातला जस्ताचा भाग विशेष उपयोगी. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम, दुभत्याला दुधाप्रमाणे थोडे जास्त. पिशवीवर भारतीय मानक १६६४ चा उल्लेख आहे का ते पाहून घ्यावे. मीठ वेगळे, रोज मूठभराहून कमी. भिंत किंवा माणसाचा घामेजलेला हात चाटणारे जनावर बहुधा मीठच मागत असते. ज्याला पिशवी परवडत नाही त्याने गव्हाचा कोंडा आणि सरकी पेंड तरी चुकवू नये. कोंड्यात स्फुरद एक टक्क्याच्या आसपास असतो, कडब्याच्या जवळजवळ दहापट. कणसाबरोबर आपण जे काढून घेतले तेच कोंड्याच्या रूपाने गव्हाणीत परत जाते.

आणि माळाचे देणे? गाईला पिशवीतून दिलेला स्फुरद शेणात उतरणारच आहे. त्या शेणातला थोडा वाटा गावाने गायरानावर न्यावा. गायराने आता किती उरली आहेत हे ज्याने-त्याने आपल्या गावात पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले होते. जेवढी उरली आहेत तेवढ्यांचे दोन-तीन भाग पाडून दरवर्षी एका भागाला पावसाळाभर विसावा द्यायचा, हा ठराव एका ग्रामसभेत होण्यासारखा आहे. त्यासाठी पैसा लागत नाही.

त्या दिवशी मामांना हे सगळे सांगायला वेळ नव्हता. ऊन उतरत होते आणि गुरे पाण्याकडे निघाली होती. तुमच्या दावणीची गाय हाड, चिंधी किंवा लाकूड चघळताना दिसली तर तिच्या तोंडातून ते काढाच. त्यात तार असते, विष असते, जीव जातो. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच संध्याकाळी तिच्या आंबोणात खनिज मिश्रण घाला, आणि महिनाभर रोज घाला.